मीटरवर साडेचार, बल्ब लावला की ३.६, मधलं व्होल्टेज जातं कुठे?

देवगडकडच्या बारावीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: तीन पेन्सिल सेल सिरीजमध्ये जोडले, मीटरवर ४.५ व्होल्ट आले. टॉर्चचा छोटा बल्ब लावला की तोच मीटर ३.६ दाखवतो. सरांनी सांगितलं, पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स १२ ओहम धर आणि प्रत्येक सेलचा आतला रेझिस्टन्स १ ओहम. तिने करंट काढला ०.३७५ अँपिअर, त्यावरून आतला ड्रॉप (सेलच्या आतच खर्च होणारं व्होल्टेज) १.१२५ व्होल्ट, तो साडेचारातून वजा केला तर ३.३७५ येतात, ३.६ नाही. चूक कुठे? आणि जाता जाता दुसरा प्रश्न, बाबांच्या होडीची बॅटरी पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीनंतर मीटरवर १२.६ दाखवते पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की टक करून गप्प, ते पण हेच का?

हो, ते पण हेच. मी गेली अठ्ठावीस वर्षं रत्नागिरीत बोटींचं वायरिंग, डायनॅमो, सेल्फ, बॅटरी हेच काम करतोय आणि माझ्या कामातली निम्मी भांडणं या एका वजाबाकीवरून होतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, घाई करू नकोस, कागद पेन घेऊन बस.

आधी तुझी चूक. तू करंट काढलास तो ४.५ भागिले १२ असा, म्हणजे करंट काढताना सेलचा आतला रेझिस्टन्स नाहीच असं धरलंस, आणि मग ड्रॉप काढताना तोच रेझिस्टन्स परत आणलास. एकाच गणितात तो एकदा नाही आणि एकदा आहे, असं कसं चालेल? करंट बल्बमधून जातो तोच सेलच्या पोटातून पण जातो, वाट एकच आहे, वर्तुळ आहे ते. म्हणून करंट ठरवताना वाटेत येणारा सगळा रेझिस्टन्स मोजायचा. बाहेरचे १२, आतले तीन सेलचे ३, एकूण १५ ओहम. ४.५ भागिले १५ म्हणजे ०.३ अँपिअर. आता आतला ड्रॉप काढ, ०.३ गुणिले ३ म्हणजे ०.९ व्होल्ट. ४.५ वजा ०.९, आले बघ ३.६. उलटं तपासायचं तर बल्बच्या बाजूने ये, ०.३ गुणिले १२ म्हणजे ३.६. दोन्ही बाजूंनी तोच आकडा आला की गणित बरोबर, ही सवय लावून घे, पेपरात अर्धा मिनिट जातो पण मार्क जात नाहीत.

हे जे साडेचार आहेत त्याला पुस्तकात ईएमएफ म्हणतात, आणि ३.६ म्हणजे टर्मिनल व्होल्टेज. सूत्र म्हणून लिहायचं तर टर्मिनल व्होल्टेज = ईएमएफ वजा (करंट गुणिले आतला रेझिस्टन्स). पण पाठ करायची गोष्ट ही नाही, पाठ करायची ती याच्या आधीची ओळ, की करंट = ईएमएफ भागिले (बाहेरचा अधिक आतला). ती ओळ बरोबर आली की पुढचं सगळं आपसूक येतं. मी बघितलंय, मुलं वजाबाकीत चुकत नाहीत, करंटमध्ये चुकतात.

आता मधले ०.९ व्होल्ट गेले कुठे. कुठेही हरवले नाहीत, सेलच्या आत उष्णता झाली त्यांची. हिशोब कर, सेल एकूण देतोय ४.५ गुणिले ०.३ म्हणजे १.३५ वॉट, बल्बला पोचतात १.०८ वॉट, उरलेले ०.२७ वॉट सेलच्या आतल्या रसायनात, कार्बनच्या कांडीत, सगळ्या सांध्यांमध्ये गरम होण्यात जातात. टॉर्च खूप वेळ चालू ठेवून सेल काढलेस तर हाताला कोमट लागतात, ती हीच ऊब.

मग नुसता मीटर लावल्यावर पूर्ण ४.५ का दिसतात, तेव्हा आतला रेझिस्टन्स कुठे जातो? जात नाही, तिथेच असतो, पण साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १ कोटी ओहमच्या आसपास असतो, त्यातून करंट जवळजवळ जातच नाही, आणि करंट नाही तर ड्रॉप नाही. तीन ओहमवर पडणारं व्होल्टेज तेव्हा एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाएवढं असतं, मीटरला ते दिसणारच नाही. म्हणजे नुसत्या मीटरने तू मोजतेस ती ईएमएफ, आणि बल्ब लावून मोजतेस ते त्या बल्बसाठी मिळणारं व्होल्टेज. दुसरा बल्ब लाव, आकडा बदलेल. "या सेलचं व्होल्टेज किती" हा प्रश्नच अर्धा आहे, "कुठल्या लोडवर" हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो कारण घरी करून बघशील तर गोंधळशील. विझलेल्या बल्बला मीटर ओहमवर ठेवून लावलास तर १२ येणार नाहीत, खूपच कमी येतील, कारण तार थंड असते आणि पेटल्यावर तापून तिचा रेझिस्टन्स कित्येक पटीने वाढतो. बल्बचा रेझिस्टन्स तो पेटलेला असताना व्होल्टेज भागिले करंट असाच काढायचा. एलईडीच्या टॉर्चवर तर हे गणित करूच नको, एलईडी ओहमच्या नियमाने चालत नाही.

आतला रेझिस्टन्स सरांनी दिला नसता तर तुला स्वतःला काढता आला असता. ईएमएफ आणि टर्मिनल व्होल्टेज यांचा फरक भागिले करंट, ०.९ भागिले ०.३ बरोबर ३. करंट मोजायला अँमीटर नसेल तर बाहेरचा रेझिस्टन्स माहीत असला की झालं, १२ गुणिले (४.५ भागिले ३.६ वजा १), म्हणजे १२ गुणिले ०.२५, पुन्हा ३. आणि हेच तुमच्या बारावीच्या प्रॅक्टिकलचं पोटेन्शिओमीटरचं (लांब तारेवर व्होल्टेजची तुलना करणारं उपकरण) सूत्र आहे, फक्त तिथे व्होल्टच्या जागी तारेची लांबी येते. एकच सेल घेतलास, त्याच्या दोन टोकांना ४ ओहम लावलेस, आणि बॅलन्स पॉइंट (तारेवर जिथे काटा शून्यावर येतो ती जागा) २२५ सेंटिमीटरवरून १८० वर आला तर ४ गुणिले (२२५ भागिले १८० वजा १), उत्तर १ ओहम. पोटेन्शिओमीटरचं महत्त्व हे की बॅलन्सला आला की तो सेलमधून करंटच ओढत नाही, म्हणून त्यावर खरी ईएमएफ मिळते.

मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट स्वतः ओहमची आहे, ज्याच्या नावाचा नियम आपण शिकतो त्या जर्मन शास्त्रज्ञाची. त्याने सुरुवातीला त्या वेळच्या रासायनिक बॅटऱ्या वापरून प्रयोग केले, पण त्यांचं व्होल्टेज स्थिर राहीना, करंट काढला की उतरायचं, नुसतं ठेवलं की परत चढायचं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तो याच आतल्या भानगडीशी झगडत होता. मग पोगेनडॉर्फ या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवल्यावर त्याने बॅटरी सोडून बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल (दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारा दोन धातूंचा जोड) घेतलं, एक टोक बर्फात, एक उकळत्या पाण्यात, आणि तेव्हा कुठे आकडे जुळले. १८२६ साली त्याने मांडलेलं समीकरण आपण शिकतो तसं सुटसुटीत व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स असं नव्हतंच, त्यात खाली बेरीज होती, तपासायच्या तारेची लांबी अधिक बाकीच्या सगळ्या सर्किटचा एक ठरावीक आकडा. म्हणजे जो आकडा तू करंट काढताना विसरलीस तो ओहमच्या मूळ समीकरणात पहिल्यापासून होता! शाळेत आपल्याला आधी सोपं रूप शिकवतात आणि आतला रेझिस्टन्स मागाहून चिकटवतात, म्हणून तो वरचा जादा वाटतो. तो जादा नाही.

आता जुना सेल. आपल्याकडे पावसात दिवे गेले की घरातले सगळे टॉर्च बाहेर निघतात आणि मग दोन नवे सेल आणि एक जुना अशी जोडी लागते. जुना सेल नुसत्या मीटरवर १.३५ दाखवतो, माणूस म्हणतो ठीक आहे की, अजून दम आहे. पण सेल जुना झाला की ईएमएफ थोडी उतरते आणि आतला रेझिस्टन्स मात्र भरपूर वाढतो. समज नवे दोन प्रत्येकी १.५ व्होल्ट आणि अर्धा ओहम, जुना १.३५ व्होल्ट आणि ४ ओहम. एकूण ईएमएफ ४.३५, एकूण रेझिस्टन्स १२ अधिक १ अधिक ४ म्हणजे १७, करंट साधारण ०.२५६. जुन्या सेलच्या आतच १.०२ व्होल्ट गेले, त्याच्या टोकांवर उरले ०.३३. बल्बला मिळाले सुमारे ३.०७. तो जुना सेल काढून तिथे नुसता तांब्याचा तुकडा घातलास तर दोन नव्या सेलवर बल्बला २.७७ मिळतात. म्हणजे १.३५ दाखवणाऱ्या त्या सेलने जेमतेम ०.३ व्होल्टची भर घातली. हे आकडे एकदा स्वतः करून बघ, कारण होडीच्या बॅटरीत नेमकं हेच घडतं, फक्त दशांश चिन्ह दोन घरं सरकतं.

लेड अ‍ॅसिड बॅटरीचा एक सेल सुमारे २.१ व्होल्टचा, बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा, म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ दाखवते. आतला रेझिस्टन्स मात्र ओहमात नाही, काही मिलिओहम, म्हणजे ओहमचे हजारावे भाग. आठ पेन्सिल सेल लावूनसुद्धा बारा व्होल्ट होतात, मग त्यावर डिझेल इंजिन का नाही फिरत? सरांच्या हिशोबाने सेलमागे १ ओहम धरला तर आठ सेलचा आतला रेझिस्टन्स ८ ओहम, पुढे काहीही लाव, अगदी शॉर्ट कर, १२ भागिले ८ म्हणजे दीड अँपिअरच्या वर करंट येणारच नाही. सेल्फला हवेत दीडशे-दोनशे अँपिअर. व्होल्ट तेवढेच, फरक सगळा आतल्या रेझिस्टन्सचा.

दोन वर्षांमागची गोष्ट सांगतो, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि १ ऑगस्टला सगळ्यांना एकदमच समुद्रात जायचं असतं, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात त्या आठवड्यात मला जेवायला वेळ मिळत नाही. एका ट्रॉलरवर बोलावलं, २४ व्होल्टची सिस्टिम, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. तांडेल (बोटीचे कप्तान) म्हणाले, "दोन्ही गेल्या, नवीन आणायला माणूस पाठवलाय, तू फक्त जोडून दे." मी म्हटलं, काका माणसाला फोन करा, थांबू दे दहा मिनिटं. नुसत्या मीटरवर एक १२.६ आणि दुसरी १२.५, दोन्ही चांगल्या वाटतात. मग खलाशाला सेल्फ मारायला लावला आणि क्लॅम्पवर, म्हणजे बॅटरीच्या पोस्टला केबल पकडून ठेवणाऱ्या पकडीवर, मीटरच्या पिना टेकवून बघितलं, पहिली १०.८ वर आली, दुसरी ७.९ वर. डीसी क्लॅम्प मीटरवर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा वेगळा मीटर) करंट २०० अँपिअर. आता तूच काढ, पहिलीचा आतला रेझिस्टन्स १.८ भागिले २०० म्हणजे ९ मिलिओहम, वापरलेल्या बॅटरीला ठीक. दुसरीचा ४.६ भागिले २०० म्हणजे २३ मिलिओहम. इथवर कुणीही म्हणेल दुसरी बाद.

पण मी पिना जरा सरकवल्या. क्लॅम्पवर नाही, क्लॅम्पच्या मधोमध जो शिशाचा पोस्ट दिसतो त्याच्या डोक्यावर, नीट खरवडून, दाबून धरल्या आणि परत सेल्फ मारायला सांगितला. १०.५! म्हणजे बॅटरीच्या स्वतःच्या आत फक्त २ व्होल्ट पडत होते, १० मिलिओहम, पहिलीच्या बरोबरीची तब्येत. उरलेले २.६ व्होल्ट पोस्ट आणि क्लॅम्प यांच्या मध्ये पडत होते. क्लॅम्प सोडवला तर आत पिठासारखी पांढरी-हिरवट पूड, कागदाएवढा थर. दोन महिने खारी हवा आणि वर पाऊस, दुसरं काय होणार. त्या कागदाएवढ्या थराचा रेझिस्टन्स १३ मिलिओहम, आख्ख्या बॅटरीच्या आतल्यापेक्षा जास्त, आणि सेल्फ मारताना तिथे २.६ गुणिले २०० म्हणजे ५२० वॉट जळत होते, तांडेलांना हात लावून बघायला सांगितलं तर चटका बसला. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतलं, वायर ब्रशने पोस्ट आणि क्लॅम्प चकचकीत केले, घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली फासली. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. दोन नव्या बॅटऱ्यांचे पैसे वाचले, आणि त्या वेळी बंदी संपून हातात पैसा यायचा असतो, डिझेल बर्फ सगळं उधारीवर चाललेलं असतं, तेव्हा ते पैसे म्हणजे किती हे तुझ्या बाबांना विचार.

तुझ्या पुस्तकातल्या चित्रात सेलच्या शेजारी एक छोटा रेझिस्टर काढलेला असतो ना, खऱ्या बोटीवर त्या एका रेझिस्टरमध्ये बरंच काय काय लपलेलं असतं, प्लेटा, अ‍ॅसिड, पोस्ट, क्लॅम्प, केबलच्या टोकाचा लग, इंजिनवरची अर्थची जोडणी. गणिताला त्याचं काही नाही, सिरीजमध्ये असलेले सगळे रेझिस्टन्स बेरजेतच येतात, पण दुरुस्त करणाऱ्याला त्यातला नेमका कुठला वाढलाय हे शोधावं लागतं, आणि शोधायची पद्धत एकच, करंट वाहत असताना एकेका तुकड्यावर मीटर लावायचा. करंट नसताना सगळेच तुकडे निर्दोष दिसतात.

प्रामाणिकपणे एक सांगतो, सेल्फ म्हणजे साधा रेझिस्टर नाही, मोटर फिरायला लागली की ती स्वतः उलट व्होल्टेज तयार करते आणि करंट बदलतो, म्हणून तुमच्या पुस्तकाच्या पद्धतीने "सेल्फचा रेझिस्टन्स अमुक" धरून पुढचा करंट काढायला जाऊ नको. मी वर केलं तसं मोजलेला करंट आणि मोजलेला ड्रॉप, यांचा भागाकार तेवढा घे, तो खरा असतो. आणि बॅटरीचा आतला रेझिस्टन्स पण कायम एक राहत नाही, चार्ज उतरला की वाढतो, थंडीत वाढतो, वय झालं की वाढतो.

चार्जिंगच्या वेळी करंट उलटा जातो म्हणून सूत्रात वजाच्या जागी अधिक येतो. १२ व्होल्ट ईएमएफ, ०.०५ ओहम आतला, १० अँपिअरने चार्ज केली तर टोकांवर १२.५. पेपरात हा प्रश्न हमखास येतो, "चार्ज होत आहे" हे शब्द वाचायचे राहतात आणि मुलं वजा करतात.

आता बाबांच्या बॅटरीकडे. १२.६ हा आकडा अ‍ॅसिडची ताकद सांगतो, म्हणजे चार्ज किती आहे ते, प्लेटांची तब्येत सांगत नाही. शिवाय नुकती चार्जरवरून काढलेली असेल तर काही तास मीटर उगाच जास्त दाखवतो, रात्रभर ठेवून मगच मोजा. बंदीच्या दोन महिन्यांत बॅटरी अर्धवट चार्जवर पडून राहिली असेल तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात, त्याने आतला रेझिस्टन्स वाढतो, मग चार्जर लावला की व्होल्टेज पटकन चढतं आणि लोड आला की तितक्याच पटकन कोसळतं. म्हणून आधी ठरवायचंय ते हे, की दोष आत आहे की पोस्टवर. बाबांना सेल्फ मारायला सांग आणि तू मीटर धर. पहिल्यांदा पोस्ट ते पोस्ट, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी आतून गेलेली किंवा उतरलेली, चार्ज करून परत बघा, तरीही तसंच तर बदला. ते चांगलं राहिलं तर एक पिन पॉझिटिव्ह पोस्टवर आणि दुसरी त्याच्याच क्लॅम्पवर, सेल्फ मारताना तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की क्लॅम्प सोडून साफ करायचा. तसंच निगेटिव्हला. तसंच निगेटिव्ह पोस्ट ते इंजिनचा ब्लॉक, अर्थची केबल आपल्याकडे आतून हिरवी होऊन कुजते आणि वरून रबर नवंकोरं दिसतं. आणि टक वाजताना कुठल्याच ठिकाणी व्होल्टेज फारसं हललं नाही, तर मोठा करंट वाहतच नाही असं समज, मग दोष पुढे सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये (मोठा करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये बघायला लागेल.

मोजताना मीटर डीसी व्होल्टवर आहे ना आणि पिना अँपिअरच्या भोकात नाहीत ना हे दोनदा बघ. अँपिअरवर ठेवून बॅटरीला लावलास तर मीटरचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य होतो आणि मग १२.६ भागिले ०.००९ म्हणजे हिशोबाने १४०० अँपिअर. पाना दोन पोस्टवर आडवा पडला तरी तेच, माझ्या डोळ्यासमोर दहा नंबरचा पाना चिकटून लाल झालेला आहे, ज्याच्या हातातून पडला त्याच्या बोटात अंगठी नव्हती हे नशीब. पेन्सिल सेल शॉर्ट केला तर करंट त्या मानाने फारच थोडा, म्हणून मुलांना बॅटरीची भीती वाटत नाही. बॅटरी ठेवलेल्या पेटीचं झाकण उघडून हवा खेळू दे, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी नको. सोड्याचं पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प सोडताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी, आणि बाबांच्या हातात कडं असेल तर ते आधी काढायला लाव.